क्रियापदाचं काय एवढं!

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादकबाई म्हणाल्या, "सर, इतकी वर्षं पुरस्कार समितीवर होतात, काही गोड आठवणी द्या." मी म्हटलं, "मला मधुमेह आहे." त्या हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. म्हणून आधीच सांगून ठेवतो, पुढचा मजकूर फराळाबरोबर वाचण्यातला नाही.

मी महाडच्या कॉलेजात मराठी शिकवलं. नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही, कॉलेज चालवणाऱ्या आमच्या संस्थेच्या संशोधन पुरस्काराचा चिटणीस होतो. पुरस्काराचा विषय तसा आडवळणाचा. शाळेच्या भिंतीबाहेर माणूस कसा शिकत आला, कुणाजवळ बसून शिकला, कुठल्या चालीरीतींतून शिकला, हे शोधणाऱ्या अभ्यासकांना तो द्यायचा. विद्वान याला शिक्षणाचा सांस्कृतिक-ऐतिहासिक अभ्यास म्हणतात. निधी ठेवला होता बाजारपेठेतल्या एका कापड व्यापाऱ्यानं. शाळा त्यांना फारशी लाभली नव्हती. सगळा धंदा बापाच्या शेजारी गादीवर बसून शिकले. जाताना म्हणाले, "मी शिकलो ते कसं शिकलो, हे कुणीतरी लिहायला पाहिजे." इतक्या शहाण्या इच्छेतून निघालेला पुरस्कार पुढं आमच्यासारख्यांच्या हाती पडला.

बाहेरच्यांना वाटतं, काम चांगलं असलं की पुरस्कार मिळतो. प्रत्यक्षात सगळ्यात आधी ठरते प्रमुख पाहुण्यांची तारीख. मग हॉल, मग जेवणाचा आचारी, आणि या सगळ्यांच्या सोयीनं मानकरी. तरी या धबडग्यात दोन गोष्टी मी माझ्या हट्टानं नीट ठेवल्या होत्या. एक म्हणजे नाव झाकणं. आलेल्या प्रत्येक प्रबंधावरचं लेखकाचं नाव, गाव, नोकरी यांवर मी स्वतः खाकी कागदाची पट्टी चिकटवायचो आणि मगच तो परीक्षकांकडे पाठवायचो. खेड्यातला मास्तर आणि विद्यापीठातला विभागप्रमुख एकाच तागडीत तोलले जावेत, एवढाच हेतू. परीक्षक कोण आहेत हेही बाहेर कुणाला सांगायचं नाही. समितीतले लोक चेष्टा करायचे, "सर, पट्ट्या लावून लावून तुम्हाला मोतीबिंदू होईल." झालाही. पण त्या पट्टीचा मला अभिमान होता.

दुसरी गोष्ट मानपत्र. ते मी लिहायचो. त्यात ‘ज्ञानसूर्य’ नाही, ‘ऋषितुल्य’ नाही, ‘व्रतस्थ’ तर मुळीच नाही. या माणसानं काय शोधलं, हे एका वाक्यात आलं पाहिजे, आणि ते वाक्य मंडपातल्या आचाऱ्यालाही समजलं पाहिजे. एका मानकऱ्यांना माझं मानपत्र इतकं कोरडं वाटलं की त्यांनी स्वतःच लिहून आणलेलं दुसरं खिशातून काढून वाचायला दिलं. त्यात ते स्वतःला ‘रायगडाएवढे उत्तुंग’ म्हणत होते. माणूस उंचीनं माझ्या खांद्याला लागत होता.

गंमत वाटेल असे अनुभव बरेच आले. हिरकणीवाडीचे गाईड रायगडाचा इतिहास सांगायला कसे शिकतात, यावर एकानं सुंदर काम केलं होतं. पोरं बापामागून पायऱ्या चढतात, बाप पाहुण्यांना सांगतो ते ऐकतात, आणि एक दिवस बापाला धाप लागली की पुढचं वाक्य पोर बोलतं. त्या कामाला पुरस्कार मिळाला, मला आनंद झाला. पुढं रोपवेपाशी त्यातलाच एक गाईड भेटला. मी कौतुकानं विचारलं तर म्हणाला, "कसलं कौतुक सर! आमचं बोलणं त्यांनी छापलं. आता पाहुणे पुस्तक उघडून आमच्याच चुका काढतात." तेव्हा मी हसलो होतो. हे लिहिताना हसू येत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

संगीता उतेकर माझी विद्यार्थिनी. पोलादपूर तालुक्यात कापडे गावाच्या वरच्या अंगाला एका वाडीत प्राथमिक शिक्षिका आहे. शाळेत ही एकटीच शिक्षिका, सगळे वर्ग एकाच खोलीत बसतात. लहानमोठ्या मुलांना एकत्र शिकवताना तिच्या लक्षात आलं की लहान पोरं बाईंकडून शिकतात त्याहून जास्त शेजारच्या मोठ्या पोराकडून शिकतात. पण हे नेमकं कसं होतं, ते तिला धरता येईना. मग तिनं शाळा सोडून शेतात बघायला सुरुवात केली. भातलावणीच्या दिवसांत सुट्टीच्या दिवशी ती कापड्याच्या बायांबरोबर चिखलात उभी राहायची, लावायची आणि विचारायची. असं कित्येक पावसाळे चाललं.

एका बाईशी झालेलं बोलणं तिनं मला जसंच्या तसं ऐकवलं होतं. त्या बाईची मुलगी शेजारी रोपं लावत होती.

"ही कधी शिकली हो?"

"ल्हान व्हती तवा हाताखाली व्हती. रोपांच्या मुठी आणून द्यायची. आता हाताशी आली हाय."

"हाताशी कधी आली?"

"ते काय सांगून येतं होय गो! एक दिस बघितलं तं बाजूला उभी राहून लावत व्हती."

"तुम्ही हात धरून शिकवलंत का?"

"धरलं का पोर पळतं, बाय. आपण आपलं लावत राह्याचं. पोर येतं."

संगीतानं सगळा अभ्यास या बोलण्यावर उभा केला. आधी मूल हाताखाली असतं, सांगितलेलं करतं. पुढं काम हातावेगळं करायला लागतं, त्याला कुणाची गरज उरत नाही. या दोन्हींच्या मधे ते हाताशी असतं. एकट्याला जमत नाही, पण कुणी शेजारी असलं की जमतं. खरं शिकणं होतं ते याच मधल्या जागी. परदेशातल्या विद्वानांनी असंच काहीसं फार पूर्वी जड शब्दांत मांडलेलं आहे, तेही तिनं वाचून काढलं होतं. पण तिचं म्हणणं त्याच्या एक पाऊल पुढचं होतं. मूल हाताशी ‘येतं’. त्याला आणता येत नाही, बोलावता येत नाही. मोठ्यानं फक्त आपलं काम त्याला दिसेल असं करत राहायचं. आपली शाळा चुकते ती इथं, ती धरायला जाते. सगळी मराठी ज्या शब्दावरून रोज ये-जा करते, त्यात हे शास्त्र दडलंय असं मला, मराठीच्या मास्तराला, कधी दिसलं नव्हतं.

तिनं हे पुरस्कारासाठी पाठवलं. तिला रकमेचं काही नव्हतं. मला म्हणाली, "सर, आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत मी हे बोलले तर सगळे हसतात. म्हणतात, उतेकर बाई, लावणी शिकवताय की बेरीज? कुणा जाणत्यानं एकदा म्हणायला हवं, की ह्यात तथ्य आहे आणि हे संगीता उतेकरनं शोधलंय. मग मला शाळेत ते करून बघायची परवानगी मागता येईल." तिची मागणी एवढीच होती.

मी तिच्या नावावर पट्टी लावली आणि प्रबंध परीक्षकांकडे रवाना केला.

परीक्षकांत पुण्याचे एक मोठे प्राध्यापक होते. त्यांचं नाव लिहीत नाही, नुसतं प्राध्यापक म्हणतो. त्यांचा शेरा आला, ‘संज्ञा ग्रामीण आहेत. सैद्धांतिक बैठक नाही. लेखकाने अधिक वाचन करावे.’ बाकीचे परीक्षक त्यांना वचकून असत, त्यांनी मम म्हटलं. पुरस्कार दुसऱ्याच कुणाला तरी गेला. कुणाला, ते आता मलाही आठवत नाही.

त्यानंतर प्राध्यापकांचं पुस्तक आलं. आमच्याकडे ते पुरस्कारासाठीच आलं, अर्थात त्या वर्षी ते परीक्षक नव्हते. मी खुर्चीत बसून वाचू लागलो आणि थोड्या वेळानं उभा राहून वाचत होतो. हाताखाली, हाताशी, हातावेगळं. तीच उतरंड, तीच भातलावणी, तीच मुठी आणून देणारी मुलगी. गावाचं नाव तेवढं ‘कोकणातील एक खेडे’ झालं होतं. साऱ्याला नाव दिलं होतं ‘हस्त-सान्निध्य प्रारूप’. आणि शिक्षकांच्या सोयीसाठी खाली सोपं रूप होतं, ‘मुलांना हाताशी धरा’.

हाताशी धरा! अहो, मराठीत एखाद्याला हाताशी धरणं म्हणजे काय हे पानाच्या टपरीवरचा माणूसही सांगेल. निवडणुकीत गुंडाला हाताशी धरतात. भावाची जमीन लाटायची तर तलाठ्याला हाताशी धरतात. ज्या एका क्रियापदावर त्या पोरीचं सगळं शास्त्र उभं होतं, तेच या गृहस्थानं उलटं करून ठेवलं होतं.

समितीच्या बैठकीत मी दोन्ही मजकूर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. आमचे अध्यक्ष नानासाहेब. ट्रकचा धंदा, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचा माल वाहतात. माणूस वाईट नाही, आणि मूर्ख तर अजिबात नाही. त्यांनी दोन्ही पाहिले आणि चष्मा काढला.

"सर, सारखं आहे खरं."

"सारखं नाही नानासाहेब, चोरलेलं आहे. आणि वर चुकीचं चोरलंय. येणं आणि धरणं यात..."

"आता क्रियापदाचं काय एवढं! मला सांगा, प्राध्यापकांनी हा प्रबंध वाचला होता, असं तुम्ही जाहीर कसं सांगणार? परीक्षकांची नावं गुप्त ठेवायची, हा नियम कोणाचा?"

"माझा."

"आणि हे कुणाचं आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. नाव झाकलेलं. ती पट्टी कोणाची?"

तीही माझीच. गरिबाच्या पोरीला न्याय मिळावा म्हणून लावलेल्या पट्टीनं चोराची केवढी सोय केली होती! मालकाचं नावच नाही म्हटल्यावर माल बेवारशी.

मग नानासाहेबांनी खरं ते सांगितलं. कॉलेजला पदव्युत्तर वर्ग हवे होते, त्यासाठी विद्यापीठाची समिती तपासणीला येणार होती, आणि प्राध्यापक बाहेरचे तज्ज्ञ म्हणून त्या समितीवर होते. "सर, वर्ग मिळाले तर इथल्या पोरांची पुण्या-मुंबईची पायपीट वाचेल. एका बाईंच्या शब्दासाठी ते सोडू का?" अन्याय करणाऱ्याजवळ नेहमी एखादं चांगलं कारण असतंच, नुसत्या दुष्टपणानं कुणी करत नाही. मी म्हणालो, "वर्ग घ्या. पण मानपत्र मी लिहिणार नाही. आणि चिटणीस दुसरा बघा." त्यांनी मला थांबवलं नाही. मानपत्र त्यांच्या पुतण्यानं मोबाइलवर मिनिटभरात करून घेतलं. त्यात ज्ञानसूर्य उगवला होता, हे सांगायला नकोच.

संगीताला हे दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मी एसटीनं कापड्याला उतरलो आणि गुडघे सांभाळत वाडीवर गेलो. मधली सुट्टी होती. ओट्यावर बसून ती मुलांच्या ताटांकडे लक्ष देत होती. मी सगळं सांगितलं. ती उसळेल, रडेल, मला चार शब्द सुनावेल, अशी तयारी करून गेलो होतो. तिनं पुस्तक मागितलं, पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं.

"सर, हे ‘धरा’ असं छापलंय?"

"हो."

"चोरलं ते चोरलं, पण निदान नीट तरी चोरायचं."

"आपण पेपरात देऊ. मी माझ्या नावानं लिहितो."

"नको. चौकशी लागली तर पहिल्यांदा मलाच विचारतील, शासनाची परवानगी न घेता संशोधन कसं केलंत, शाळेच्या वेळात केलंत का. वाडीची पटसंख्या किती उरलीय ते बघताय ना? शाळा बंद करायला त्यांना निमित्तच हवंय." मग ती उठून मुलांना वाढायला गेली. मला तिच्या गप्प बसण्याचा राग आला, आणि राग येण्याचा मला काय अधिकार, असंही वाटलं.

समारंभ महाडात झाला. मी जाणार नव्हतो, पण आदल्या दिवशी संगीताचा फोन आला. केंद्रप्रमुखांनी तिला मुलं घेऊन स्वागतगीत म्हणायला बोलावलं होतं. "पाहुणे पुण्याचे आहेत म्हणे, गाणं लोकगीत हवं, लावणीच्या वेळचं." तिला नाही म्हणता येत नव्हतं. मग मीही गेलो आणि मागच्या रांगेत बसलो.

मुलांनी गाणं छान म्हटलं. शाल झाली, श्रीफळ झालं, ज्ञानसूर्य वाचून झाला. प्राध्यापक बोलायला उभे राहिले. बोलणं रसाळ, मान्य केलं पाहिजे. आणि ऐन रंगात येऊन म्हणाले, "हे यश माझं एकट्याचं नाही. मी हे सगळं संशोधन केलं ते इथल्या साध्याभोळ्या लोकांना हाताशी धरून!"

हॉलमध्ये हशा उसळला. महाडचा बाजार तो, व्यापारी, वाहतूकदार, आखातात दोन पैसे कमावून परतलेले मोहल्ल्यातले लोक. हाताशी धरणं म्हणजे काय ते सगळ्यांना स्वानुभवानं ठाऊक. माझ्या शेजारच्या हमीदभाईंनी मांडीवर थाप मारली, "सर, हा माणूस खरा बोलला बघा!" प्राध्यापकांना वाटलं, आपला विनोद पोचला. त्यांनी हात जोडले, आणि टाळ्या वाढल्या.

संगीता स्टेजच्या कडेला मुलांना रांगेत धरून उभी होती. ती हसली नाही.

कार्यक्रमानंतर प्राध्यापक मुलांपाशी आले. एकाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "फार गोड गायलात. बाई, तुम्ही बसवलंत का हे? तुमच्यासारख्यांनी संशोधनाकडे वळलं पाहिजे. काही मार्गदर्शन लागलं तर जरूर सांगा."

मला राहवलं नाही. मी पुढं होऊन म्हणालो, "प्राध्यापक, हाताशीचा तो प्रबंध यांचाच होता."

"कोणता प्रबंध?" त्यांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेश नव्हता. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. चोर चोरी लपवतो तेव्हा निदान वस्तूची किंमत तरी जाणतो. इथं तेवढाही मान तिच्या वाट्याला आला नाही. "मार्गदर्शनाचं बघते सर," एवढं त्यांना सांगून तिनं मुलांना चपला घालायला सांगितल्या.

कॉलेजला पदव्युत्तर वर्ग मिळाले. जे झालं ते लिहायचं तर हेही लिहिलं पाहिजे. त्या वर्गात आता ते पुस्तक संदर्भासाठी लावलं आहे.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण यंदा पोलादपूरच्या एसटी स्टँडवर संगीता भेटली. खांद्याला पिशवी, हातात प्रशिक्षण पुस्तिकेचं नवंकोरं बाड. तालुक्यातल्या सगळ्या शिक्षकांना सक्तीचं प्रशिक्षण होतं, आणि विषय होता ‘हाताशी धरा उपक्रम’. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो.

"तू काही बोललीस का तिथं?"

"पहिल्या दिवशी बोलले. म्हटलं, मूल हाताशी येतं, धरायचं नसतं. तज्ज्ञ बाई म्हणाल्या, मॅडम, पुस्तिकेबाहेरचं नको, गोंधळ होतो. चांगल्या होत्या हो बिचाऱ्या. त्यांना जे दिलं ते त्या सांगत होत्या."

"मग?"

"शेवटी चाचणी होती. रिकाम्या जागा भरा. मुलाला हाताशी, पुढं टिंबटिंब."

ज्या शब्दासाठी ती कित्येक पावसाळे चिखलात उभी राहिली, तोच शब्द तिला विचारला होता.

"काय लिहिलंस?"

"‘धरावे’ लिहिलं, सर." गाडी लागली होती, तिनं पिशवी उचलली. "नापास झालं तर परत बसवतात. तितके दिवस शाळेला कुलूप. शिवाय उत्तर बरोबर आलं."